डावी कात्री

कात्री आईची. कमानपाट्याची, जड,
एका कडीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.
मी उजवी. माझ्या हातात ती
कापत नाही, नुसती चावते.
मुलाच्या वहीचं कव्हर तिच्या तोंडात घातलं
तर कागद दोन पात्यांच्या मध्ये आडवा झोपला
आणि जिथं कापायचं ती रेघ
वरच्या पात्याआड गेली.

तेव्हा कळलं, पंचेचाळिसाव्या वर्षी,
निपाणीत आमच्या उंबऱ्याशी बसून
टेंभुर्णीच्या ओल्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून
आई मान तिरकी करून काय बघायची.
रेघ बघायची.
सगळ्या गल्लीच्या कात्र्या उजव्या.
तिच्या डाव्या अंगठ्याला दोन घट्टे होते:
एक कामाचा,
एक कात्रीला उलटं ओढून धरण्याचा.

पान कापणं निम्मं, पुढं वळणं.
तिची विडी उलट्या अंगानं वळायची.
कल्लाप्पा चेकर ढिगाकडे न बघता
नुसत्या बोटांनी ओळखायचा,
"एडचीचं काम," म्हणायचा, आणि छाटीत टाकायचा.
कन्नडात एडची, मराठीत डावरी.
दोन भाषांच्या गावात
माणसाला नावंही दोन पडतात.
हजाराला दीडशे छाट.
तंबाखू कारखान्याची, पान कारखान्याचं,
वाया गेली ती दुपार आमची.

मौलाली शिकलगार सायकल स्टँडवर चढवून
पायडल मारत धार लावायचा.
आईची कात्री त्यानं उघडली, मिटली,
दगडाला लावलीच नाही.
"धार हाय की हिला," म्हणाला. "हात कुठला तुझा?"

असं तिला कुणी विचारलं नव्हतं.
आमच्याकडं विचारतात ते, कुठल्या बाजूचे तुम्ही,
आणि ते हाताबद्दल नसतं.
तिनं डावा हात पुढं केला,
मागं घेतला, पदराला पुसला,
पुन्हा पुढं केला.

"रिव्हेट काढून पाती बदलून भागत न्हाई.
पोट बाहेर जातंय, पाठ आत.
दुसरीच घडवाय पायजे."
दोन बाजार गेले. तिसऱ्या बाजाराला
फडक्यात गुंडाळून आणली.
पैसे निम्मेच घेतले, उरलेल्याच्या छाटविड्या.
एक तिथंच पेटवली, दोन झुरके मारले,
"पेटतीया की," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी आईनं मान सरळ ठेवून पानं कापली.
मला वाटलं, हिला कुठं दुखतंय की काय.

छाट काही थांबली नाही. पान सुधारलं,
वळण तेच राहिलं, कल्लाप्पाची बोटंही तीच.
जेवण उजव्यानं, कुंकू उजव्यानं,
देवळात तीर्थाला उजवाच पसरायचा.
डावा चालायचा फक्त मजुरीच्या रजिस्टरला.
सही न येणाऱ्या साऱ्याजणी शाईत बुडवायच्या
तो डावा अंगठा.
जुन्या मराठी कागदांवर नि. डा. हा. अं.,
नंतरच्या कन्नड कागदांवर एडगै हेब्बेट्टु.
त्या रांगेत तिला चेव यायचा.
मागं वळून म्हणायची,
"हितं समद्या माझ्यासारख्या!"
आणि एकटीच हसायची.

काल कात्री घेऊन गेले.
मौलालीच्या नातवाचं आता स्टँडमागं दुकान आहे,
विजेचं चाक, डोळ्यांवर काच.
त्यानं उघडली, मिटली.
"ताई, ही कुणीतरी उलटी बसवलीया.
सरळ करून देऊ?"
म्हटलं, नको. धार तेवढी लाव.
त्यानं बराच वेळ ती हातात फिरवून बघितली,
चिंधी सुटत होती ती पुन्हा खोचली,
मग चाकाच्या पलीकडल्या अंगाला जाऊन
उभा राहिला.